वायर कोण धरतंय

देवाची आण घेऊन सांगते, आणि देव पुरत नसेल तर माझ्या या नव्या कवळीची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर कवळी आत्ता चहाच्या बशीत पडू दे. घरात सगळे म्हणतात, आजी फेकते. म्हणणाऱ्यांतलं तिथं कोण होतं? मी होते. आणि मी टेबलाखाली होते.

टेबलाखाली म्हणजे मांडी घालून, डोक्यावर लाकडी फळी. फळीवर माझ्या नातीचं, सावीचं, डीजेचं मशीन. पुढं तिचा काळ्या गॉगलमधला फोटो असलेला फ्लेक्स, त्यावर लिहिलेलं ‘डीजे सावी’, बाकी तिन्ही अंगांनी पडदे. फ्लेक्स आणि टेबल यांच्या मधल्या फटीतनं माझा उजवा हात वर गेलेला, आणि त्या हातात मशीनच्या पाठीत घुसलेली वायर. हात हलला की गाणं बंद. बाहेर हळद चाललेली. दुपारचे साडेतीन, मे महिना, पत्र्याची शेड, आणि माझं वय तेव्हा त्रेसष्ट.

शेड बजाअण्णांची. तासगावकडं द्राक्षवाल्यांच्या मळ्यात बेदाणा वाळवायला लांबलचक शेडी असतात, आत एकावर एक जाळ्या. सीझन संपला की जाळ्या गुंडाळून ठेवतात आणि शेड रिकामी पडते. अण्णांनी लेकीची हळद तिथंच घातली होती. सावीनं पहिलं गाणं लावलं आणि स्पीकरनं असा हादरा दिला, की जाळ्यांच्या घडीत अडकून राहिलेला सगळा बेदाणा वरनं टपाटपा पडायला लागला. बाया पदर पसरून उभ्या राहिल्या. शेजारच्या गोठ्यातली म्हैस तर त्या दिवसापासनं गाणं लावल्याशिवाय दूधच देईना. आजही देत नाही.

तर वायर. ती मी का धरली, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

सावी म्हणजे आसावरी, माझ्या लेकाची, मुरलीधरची, एकुलती एक पोर. नाव त्यानंच ठेवलं, रागाचं. कारण आमचा बँड होता. टोप्या लाल, म्हणून लोक लालटोपी बँड म्हणायचे. माझे मालक ट्रम्पेट वाजवायचे आणि मुरल्या क्लॅरिनेट. त्याचं क्लॅरिनेट असं होतं, की नवरीला निरोप देताना त्यानं सूर लावला की नवऱ्याकडची माणसंसुद्धा रडायची. एकदा तर घोडा रडलेला मी बघितलाय.

मग मालक गेले. मग डीजे आले. तीन सीझनमध्ये बँड बसला. मुरल्यानं क्लॅरिनेट पेटीत घातलं, पेटी माळ्यावर टाकली आणि साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी धरली. त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात कुकरशिवाय कुणी शिट्टी वाजवली नाही.

आणि अशा माणसाच्या पोरीनं डीजे व्हायचं ठरवलं.

कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावाचं जुनं मशीन तिनं वापरायला आणलं. मुरल्या महिनाभर तिच्याशी बोलला नाही. जेवताना मला सांगायचा, तिला म्हणावं मीठ इकडं सरकव. मी म्हणायची, सावी, तुझे पप्पा म्हणतायत मीठ सरकव. ती मला म्हणायची, त्यांना सांग सरकवलं. मी दोघांच्या मध्ये बसून जेवायची आणि मीठ माझ्याच ताटात जास्त पडायचं.

शेवटी बजाअण्णांची सुपारी आली, तेव्हा तो तिच्याशी थेट बोलला.

“ही एक सुपारी वाजव. आमचा बँड कधी मध्येच बंद पडला नाही. लाइट गेली, पाऊस आला, मारामाऱ्या झाल्या, तरी वाजतच राहिला. तुझं हे खोकं मध्ये बंद पडलं तर ज्याचं त्याला परत देऊन यायचं आणि जूनपासनं गुमान बी.एड. करायचं.”

“आणि नाही पडलं तर?”

“नाही पडलं तर बघू.”

सावीनं मान हलवली. त्या रात्री ती झोपली नसावी, कारण मशीनला एक खोट होती आणि ती फक्त तिला आणि मला ठाऊक होती. लॅपटॉपमधनं मशीनमध्ये जी वायर जाते, तिचं मशीनकडचं तोंड चौकोनी असतं. ती जिथं खोचायची तो यूएसबीचा खाचा आतनं हलत होता. वायर जरा हलली की मशीनचे दिवे जायचे, गाणं जायचं, आणि परत जोडलं तरी लॅपटॉपला ओळख पटेपर्यंत पाच-सहा श्वास तसेच जायचे. सांगलीतला दुरुस्तीवाला म्हणाला होता, खाचा नवा बसवावा लागेल, मागवावा लागेल, दहा दिवस धरा. हळद चार दिवसांवर होती. सावीनं घरी आठ वेळा वाजवून बघितलं. चिकटपट्टी लावली की टिकत होतं. म्हणाली, आजी, निभेल.

आणि हळदीत दुसऱ्याच गाण्याला ते गेलं.

नवरीच्या आत्या हात वर करून नाचत होत्या त्या तशाच थांबल्या. सावी खाली वाकली, वायर खोचली, गाणं आलं. दोन मिनिटांनी परत गेलं. चिकटपट्टी धरेचना, नुसती सरकून यायची. बजाअण्णा जवळ आले. चांगला माणूस, पण गळ्यात उपरणं आणि घरात शंभर पाहुणे. ते म्हणाले, पोरी, जमत नसेल तर सांग, तासगावातनं दुसरा बोलवतो, अर्ध्या तासात येतो. सावी म्हणाली, दहा मिनिटं द्या, अण्णा. ती हे नीट म्हणाली, पण तिचे कान लाल झालेले मी बघितले. तिच्या आजोबांचे असेच व्हायचे.

तिनं वायर अशी दाबून, तशी दाबून बघितली. जरा वर आणि डावीकडं रेटून धरली की दिवे स्थिर राहायचे. पण धरणार कोण? तिचे दोन्ही हात मशीनवर लागतात.

मी पदर खोचला आणि टेबलाखाली गेले.

“आजी, दीड तास आहे अजून,” ती वरनं म्हणाली. “हात जरासुद्धा हलवायचा नाही. जमेल?”

मला विचारतेय, जमेल का. अगं, लग्नाच्या आधीपासनं तेवीस वर्षं मी वरातीत गॅसबत्ती धरली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, एक हात वर. पुढं बँड, मागं घोडा, दोन्ही अंगांनी आम्ही बाया. सगळं गाव नाचतंय आणि आपण सरळ. मान हलली की बत्तीची काच जाते. मालकांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, खांबाला लुगडं नेसवलंय. हे त्यांनीच सांगितलंय मला, लग्नानंतर.

तर मी हात वर केला, वायर धरली, सावीनं गाणं लावलं, आणि ते चालू राहिलं.

टेबलाखालनं माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. फ्लेक्सच्या खाली वीतभर फट होती, तिच्यातनं सगळी हळद मला पायांची दिसली. नवरीचे पाय मेंदीचे, हळदीनं पिवळे झालेले. आत्यांची जोडवी. एका बाईनं दोन वेगळ्या चपला घातलेल्या. बजाअण्णांचे पाय आधी लांब उभे होते, मग जरा जवळ आले, मग एक पाय हळूच ठेका धरायला लागला. मी म्हटलं, चला, हा गडी आपला झाला.

चार गाणी झाली. पाचव्याला मला बूट दिसले.

पांढरे कॅनव्हासचे बूट. बँडचे. ते बूट कारखान्यात घालून जाणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकच. ते बूट स्पीकरच्या बाजूला आले, उभे राहिले, मग वळून टेबलाच्या कडेला आले. बाजूचा पडदा वर झाला आणि मुरल्याचं डोकं आत आलं. वर सावी कानाला हेडफोन लावून मशीनवर वाकलेली, तिला पत्ता नाही.

“आई, तू इथं काय करतेस?”

“भाजी निवडतेय. दिसत नाही? ये आत, पडदा सोड.”

तो आत आला. गुडघे मोडून, मान वाकवून बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, टक्कल फळीला लागलेलं. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, हातातल्या वायरीकडं बघितलं, आणि त्याला सगळं समजलं. बँडवाल्याला वाजवायच्या वस्तूचं दुखणं सांगावं लागत नाही.

“किती वेळा बंद पडलं?” त्यानं विचारलं.

“एकदाही नाही.”

“दोनदा पडलं. ऐकलं मी.”

“कुठनं ऐकलंस?”

त्यानं बुटाची नाडी घट्ट केली. मी परत विचारलं. मग म्हणाला, मांडवाखालनं. मांडव म्हणजे शेडीपलीकडचा द्राक्षाच्या वेलींचा मांडव. म्हणजे हा बाबा पहिल्या गाण्यापासनं तिथं वेलीत उभा होता. घरी सांगून निघालेला, कारखान्यात डबल ड्युटी आहे.

“दोनदा म्हणजे दोनदा, आई. ठरलं होतं.”

“ठरलं होतं ते घरी जाऊन बोल. इथं श्वाससुद्धा जोरात घेऊ नकोस, वायर हलते.”

पण तो बोलायचं थांबला ते माझ्यामुळं नाही. त्यानं नाक वर केलं होतं. मग माझ्या मनगटाजवळ तोंड आणून त्यानं वास घेतला. मग वायरीच्या टोकापाशी नेऊन परत घेतला.

“कापूर,” तो म्हणाला.

आता इथं मला एक कबूल करावं लागतंय. माझे मालक क्लॅरिनेटच्या सांध्यांना लावायला एक मलम करायचे. मेण, खोबरेल आणि चिमूटभर कापूर, म्हणजे सांध्यावरच्या बुचाला कीड लागत नाही आणि तुकडे एकमेकांत लोण्यासारखे बसतात. हळदीच्या आदल्या दिवशी मी सावीला ती वायर खोचताना बघितलं. खाच्यात जाताना अडत होती, तिला जोर लावावा लागत होता. मी म्हटलं, सांधा कोरडा पडलाय. कोरड्या सांध्याला आमच्या घरात एकच औषध. ती अंघोळीला गेली तेव्हा मी वायरीच्या तोंडाला मलम लावलं, चांगलं चोळून, आत-बाहेर दोनदा फिरवून. इतकी मऊ बसली की मलाच माझं कौतुक वाटलं.

“आई,” मुरल्या म्हणाला, “विजेच्या वस्तूला मेण लावलंस?”

“मला वाटलं सांधा आहे.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं, कारण पाप माझंच होतं आणि शिक्षा पोरीला होणार होती. चिकटपट्टी का धरत नव्हती, ते मला दुसऱ्यांदा गाणं गेलं तेव्हाच कळलं होतं. टेबलाखाली मी काही हौसेनं गेले नव्हते.

पण त्यानं वेगळंच विचारलं.

“हे मलम तुझ्याकडं कुठनं आलं? बाबांची डबी कधीच संपली.”

“मी करते.”

“कशाला?”

वर सावीनं गाणं बदललं. मी वायर जरा जास्तच घट्ट धरली.

“पेटी उतरवते महिन्यातनं एकदा. तू पहिल्या पाळीला गेलास की. सांधे वाळले तर भेगा पडतात, तूच सांगायचास.”

“सहा वर्षं?”

“महिन्यातनं एकदाच रे. दर अमावस्येला, लक्षात राहतं म्हणून.”

त्यानं तोंड फिरवलं. फिरवून जाणार कुठं, टेबलाखाली चार बाय तीन जागा. मला त्याचा कान दिसत होता, आणि तो लाल होता. बाहेर कुणीतरी नवरीवर पाणी उडवलं असावं, कारण पाय घसरायला लागले आणि हसणं ऐकू आलं.

मग त्यानं खिशातनं रुमाल काढला. “टोक मोकळं दिसतंय तेवढं पुसतो,” म्हणाला. “हलवू नकोस.” आणि त्यानं त्या वायरीच्या तोंडाभोवतीचं मेण असं पुसलं, जसं कार्यक्रम संपल्यावर क्लॅरिनेट पुसायचा. एका बोटानं, कडेकडेनं, घाई न करता. पुसता पुसता स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे मशीन बंद पडलं नाही. तू पाडलंस.”

“हो.”

“मग ते धरायचं नाही.”

“तू म्हणशील तसं,” मी म्हटलं. कधी नव्हे ते मी त्याचं ऐकलं.

तेवढ्यात माझ्या हाताला मुंग्या आल्या. खांद्यापासनं बोटापर्यंत, नुसत्या वारुळातल्या मुंग्या. मी म्हटलं, मुरल्या, हात गेला माझा, पडेल आता. त्यानं एक क्षण माझ्याकडं बघितलं. वर पोरगी, बाहेर शंभर माणसं, आणि हातात येणार ती कसली वायर, तर ज्या डीजेनं त्याचा बँड बसवला त्या डीजेची.

त्यानं हात वर केला. माझ्या बोटांवर त्याची बोटं आली. मी एकेक बोट काढलं, त्यानं एकेक बोट ठेवलं. मधल्या बोटाला गाणं एकदा अडखळलं, एक ठोका गिळला, आणि पुढं गेलं. बाहेरच्यांना वाटलं, ही नवीन पद्धत.

“वर आणि डावीकडं रेट,” मी सांगितलं. “आणि ठेका धरू नकोस.”

“मी कशाला ठेका धरतोय?”

पण धरलाच त्यानं. हात दगडासारखा, आणि बूट खाली हलतोय. मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. बूट थांबला. दुसऱ्या कडव्याला परत सुरू. मी म्हटलं, जाऊ दे, पाय काही वायरीला लागत नाही. आणि दुसऱ्या बाजूचा पडदा उचलून बाहेर आले.

बाहेर उजेड एवढा, की डोळे मिटले माझे. मग उघडले तर समोर सगळं पिवळं. बायकांनी मला हाताला धरून आत ओढलं आणि मी नाचले. माझे गुडघे दोन वर्षं कुरकुरत होते, ते त्या दिवशी मुकाट्यानं चालले. मी गोल फिरले, हात वर केले, खाली केले, मान या खांद्यावरनं त्या खांद्यावर टाकली. आत्याबाई म्हणाल्या, आजींना कुणीतरी आवरा. कुणी आवरलं नाही. मी एवढी नाचले, की माझ्या पदराचा वारा लागून मांडवातली वेल हलली. बजाअण्णा साक्षीला आहेत.

आणि तेव्हा सावीनं मान वर केली.

तिनं मला बघितलं. आधी हसली, हात हलवला. मग तिचा हात हवेतच राहिला. मी इथं नाचतेय, दोन्ही हात वर करून. मग वायर? तिचा चेहरा असा पांढरा पडला, की हळदीतसुद्धा दिसला. तिनं मशीनच्या दिव्यांकडं बघितलं. सगळे लागलेले. गाणं चालू. मग ती हळूच, एक हात मशीनवर ठेवून, पडद्याकडं वाकली आणि पडदा बाजूला केला.

तिला काय दिसलं असेल ते मी सांगू शकते, कारण मी तिथनंच आले होते. टक्कल. त्या टकलाच्या पुढं वर गेलेला एक हात. आणि खाली हलणारा एक पांढरा बूट.

ती बराच वेळ वाकलेली राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आणि तो काहीतरी बोलेल, आणि महिनाभराचं मीठ तिथंच सांडेल. पण ती सरळ झाली. तिच्या मशीनशेजारी लिंबू सरबताचा ग्लास होता, अण्णांच्या घरचा, तिनं तोंडसुद्धा न लावलेला. तो तिनं उचलला आणि पडद्याआड खाली धरला. नजर समोर, पुढचं गाणं शोधतेय, आणि एक हात खाली. थोड्या वेळानं तो हात रिकामा वर आला.

पुढचं गाणं तिनं जरा आवाज वाढवून लावलं.

पाच वाजेपर्यंत वाजलं. त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. शेवटचं गाणं संपल्यावर मुरल्या टेबलाखालनं निघाला तो कंबर धरून, वाकडा, आणि पहिलं काय बोलला, तर “तुझं हे बासचं बटण जास्त फिरवतेस. गाणारा दबतो खाली.” सावी म्हणाली, “किती कमी करू?” आणि दोघं त्या मशीनवर डोकं घालून उभे राहिले. मला घरी कसं न्यायचं, याची कुणाला आठवण नव्हती. मी बजाअण्णांच्या ट्रॅक्टरमधनं आले. ट्रॅक्टर मीच चालवला, पण ते असो.

बी.एड.चा फॉर्म घरात पुष्कळ दिवस होता. मी त्यावर पापड वाळवले. मागवलेला खाचा आल्याचं कळलं तसा मुरल्या रजा टाकून, मशीन मांडीवर घेऊन एसटीनं सांगलीला गेला आणि तो खाचा नवा बसवून होईपर्यंत दुकानात बसून राहिला. दुरुस्तीवाल्यानं विचारलं म्हणे, हो काका, आत मेण कुणी घातलं? मुरल्या म्हणाला, घरातल्या कारागिरानं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सावी आता पार नाशिक-नागपूरपर्यंत वाजवते. तिच्याकडं नवं मशीन आहे, त्याला हात लावायची मला बंदी आहे.

आता एवढं सगळं ऐकलंत, तर एक सांगून टाकते, म्हणजे कवळी जागेवर राहील. म्हशीचं खरं आहे, घोड्याचं खरं आहे, ट्रॅक्टर मीच चालवला. फक्त हाताला मुंग्या आल्या, ते तेवढं खोटं. मुरल्याला तेव्हा सांगितलं तेही खोटं, आणि तुम्हाला मघाशी सांगितलं तेही. हात अगदी ठणठणीत होता, आणखी दोन तास धरला असता.

मला नाचायचं होतं.